मधला प्रश्न

ह्यालग्रिमचा फोन आला तेव्हा क्लाक्सविकच्या धक्क्यावर
धुकं इतकं दाट की समोरची बोट ऐकू यायची, दिसायची नाही.
"तुझ्या यंत्रात माझी सात कोकरं मेलीयेत," तो म्हणाला,
"आणि इथे डोंगरावर ती गवत खातायत.
कुणाचं खरं धरायचं?"

मेंढ्यांची नोंदवही चालवते मी.
पूर्वी कानावरच्या खुणा जाड पुठ्ठ्याच्या वहीत असत,
आता टेबलं आहेत, आणि टेबलांशी बोलायला
पायथनची एक लायब्ररी, लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखी.
मी म्हणते मेंढी, ती म्हणते ओळ.
मी म्हणते हिची कोकरं,
ती दुसऱ्या टेबलात जाऊन त्यांना हाताला धरून आणते.
मला तिकडची भाषा शिकावी लागत नाही,
म्हणून तिकडे काय ठरतं, तेही कळत नाही.

लॉग उघडला. मध्यरात्र उलटली तरी आभाळ फिकटच.
बदल, बदल, बदल,
मग एक कोरडी ओळ: काढून टाकलं.
एरर नाही.
बोंब मारून कोसळणारा प्रोग्राम परवडला,
हा पाय न वाजवता घरातलं माणूस उचलून नेणारा.

आधी संशय डेटाबेसवर, मग लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर,
मग ब्रांदुरवर, जो गेल्या साली नोकरी सोडून
ट्रॉलरवर गेला.
समुद्रावरच्या माणसावर आळ घ्यायला काय जातं.
पण त्या ओळींपुढे नाव माझंच निघालं,
तारीख माझीच, आणि खाली शेरा: "किरकोळ सुधारणा."

नियमही माझाच होता:
आई नसलेलं कोकरू नोंदीत ठेवू नये.
लिहिला तेव्हा किती स्वच्छ वाटला होता.

आता कोड बघा:
मेलेल्या मेंढीच्या यादीतून कोकरू काढ.
नव्या मेंढीला विचार, तुझ्याकडे आधीची किती?
नव्या मेंढीच्या यादीत कोकरू घाल.

तीन ओळी. एकेक घ्या, तिघी शहाण्या.
पण मावशीची एक सवय:
प्रश्न विचारला की उत्तर आणायच्या आधी
ती हातातलं सगळं खाली ठेवते,
अर्धवट कामं पोचती करते,
आणि त्या क्षणी कोकरू
ना या यादीत होतं, ना त्या.
नियम जागाच होता.

तिसऱ्या ओळीला तिनं हलकेच सांगितलंही होतं,
हे सेशनमध्ये नाही, जोडणं पुढे जाणार नाही.
पण अशा सूचनांनी लॉग भरतो म्हणून
त्या मीच हिवाळ्यात बंद केल्या होत्या.

पहाटे दुसरी ओळ उचलून पहिलीच्या वर ठेवली.
एवढंच. कॉफी गार झाली होती.

ह्यालग्रिमला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "हे तुला शाळेत नाही शिकवलं?
आधी दुसरी मेंढी बघायची. तिची कास बघायची.
मेलेल्या पिल्लाचं कातडं असेल तर तयार ठेवायचं.
मग कोकराला हात लावायचा.
उचलून घेतलं आणि मग विचार करत उभा राहिलास
तर ते तुझ्या हातातच गारठतं."

बॅकअपमधून सातही परत आणली.
तो फोनवर एकेक कानाची खूण वाचत गेला,
सहावरच थांबला.
"पांढऱ्या पायाचं नको. मंगळवारी कड्यावरून गेलं.
तेवढं तुझ्या यंत्राला बरोबर कळलं होतं."

"कळलं नव्हतं," मी म्हणाले.

मग ते एक मी स्वतःच्या हाताने काढलं,
आधी कारणाच्या रकान्यात लिहून: कडा, धुकं.
तो रकाना सगळ्यांच्या नोंदीत होता.
सातांपैकी कुणाच्याच पुढे
काही भरलेलं नव्हतं.